रिनाच्या आईने पाहिलेली तालीम

रिनाची आई तालीम पाहायला येणार हे कळलं, तेव्हा मी रिनाला विचारलं, "थोडं रडशील काय?"

रिना माझ्याकडे पाहत राहिली. "दोन महिने तूच 'रडू नको, रडू नको' करत होता. आता रड म्हणून राह्यला?"

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मराठी वाङ्मय. वास्तववादी अभिनयावरचं एकच पुस्तक आमच्या नागभीडच्या कॉलेजच्या लायब्ररीत होतं. ते मी वाचलं होतं. माझ्याआधी ते कोणी नेलं नव्हतं, याचा मला अभिमान होता.

त्या पुस्तकाच्या जोरावर मी एकांकिका लिहिली. संध्याकाळ. स्वयंपाकघर. नवरा जेवतो, बायको तांदूळ निवडते. उद्या तो कामासाठी दूर जाणार आहे. जेवता जेवता तो ते सांगतो. बस. बाकी शांतता. वहीत मी प्रत्येक शांततेला नंबर दिला होता.

आम्ही तिघे होतो. मी, रिना आणि धनराज. नियम असा की दोघांनी करायचं आणि तिसऱ्याने दिग्दर्शन. रोज पाळी बदलायची. ज्याची पाळी, त्याचा शब्द शेवटचा. मुलगी मात्र एकटी रिनाच, म्हणून बायको कायम तीच. तिची दिग्दर्शनाची पाळी आली की ती बायको करता करताच सांगायची.

धनराजचा मामा वडशाच्या नाटक कंपनीत खलनायक करायचा. धनराजची पाळी असली की तो भिंतीला टेकून ओरडायचा, "आवाज! मागचा माणूस पैसे देऊन बसला हाये!"

मागे सायकली होत्या. आमची तालमीची खोली सायकल स्टँडला लागून होती.

आमच्याकडच्या नाटकांत माइक वर टांगलेले असतात. महत्त्वाचं वाक्य आलं की नट चालत येऊन माइकखाली उभा राहतो. लहानपणापासून आम्ही तेच पाहिलेलं. आमच्या खोलीत माइक नव्हता, पंखा होता. धनराज नवरा झाला की ताटावरून उठायचा, पंख्याखाली यायचा आणि वर तोंड करून म्हणायचा, "मी उद्या जातो." मी कपाळाला हात लावायचो. म्हणायचो, घरात कोणी असं करतं का रे? मग त्याला पुस्तकातला उतारा वाचून दाखवायचो. त्याने दोनदा जांभई दिली.

रिना उतारे ऐकायची नाही. ती वर्गात मागे बसायची. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आठ-दहा दिवस दिसायचीच नाही. परत आली की बोटांच्या बेचक्या चिखलाने खाल्लेल्या असत. मी तिला सुपात तांदूळ कसे निवडतात ते शिकवलं होतं. हे मी आज लिहितोय तेव्हाही कान गरम होतात. मी आयुष्यात सूप हातात धरलं नव्हतं. ती म्हणाली, "हव, असंच करतो." आणि तिला यायचं तसंच केलं.

मी लिहिलं होतं, ती खिडकीतून दूर पाहते. ती म्हणाली, "चुलीच्या खोलीले खिडकी कुठी असते? धूर जायाले झरोका असते. त्याच्यातून काय, कौलं दिसतीन."

एका दिवशी तिची दिग्दर्शनाची पाळी होती, मी नवरा होतो. तिने डब्यातून गार भात आणि वरण आणलं होतं. मी घास घ्यायचो, थांबायचो, विचारमग्न व्हायचो.

"काऊन थांबते?"

"तो आतून तुटलेला आहे."

"तो भुकेला हाये. सकाळपासून काम करून आला. उद्या घरून जेवून येऊ नको."

दुसऱ्या दिवशी मी उपाशी आलो. खाता खाता वाक्य विसरलो. दोन नंबरची आणि तीन नंबरची शांतता एक झाली. रिना म्हणाली, "आज बरं होतं." मी तिला समजावलं की हा अपघात होता.

आम्ही ज्या एकांकिका स्पर्धेत उतरणार होतो, ती चंद्रपूरला होती. दोन दिवस राहायचं होतं. तिथे तिची आई अडली.

तिची आई गिरजाबाई नाटकाच्या शौकीन. आसपासच्या चार गावांत नाटक असलं की चटई घेऊन पहिल्या रांगेत. पण पोरीने नाटकात जायचं नाही. "पाह्यची गोष्ट वेगळी, कराची वेगळी," असं त्या म्हणाल्या होत्या. नाटकातल्या बायांविषयी गाव काय बोलतं ते त्यांनी त्याच चटईवर बसून ऐकलं होतं. रिनाने आठवडाभर हट्ट केला. शेवटी ठरलं, आई एकदा तालीम पाहील. नाही म्हणाली तर विषय संपला. रिनाचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी कॉलेज नाही, म्हणजे नाटकही नाही. मला वाटत होतं, माझी एकांकिका धोक्यात आहे.

रविवारी दुपारी गिरजाबाई आल्या. "जय भीम, पोट्टेहो," म्हणाल्या आणि खुर्ची नाकारून जमिनीवर बसल्या, आमच्यापासून दोन हातांवर. एवढ्या जवळ प्रेक्षक असेल असं पुस्तकात नव्हतं.

धनराज माझ्या कानात म्हणाला, "एक गाणं टाकू काय?"

मी विचार केला. खरंच केला.

मग सुरू झालं. रिना सूप घेऊन बसली. मी जेवू लागलो. गिरजाबाई एकटक पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांना कंटाळा आला, त्या उठणार, चंद्रपूर गेलं, असं मला वाटलं. माझं वाक्य आलं. आणि मी उठलो. उष्टा हात तसाच. चार पावलं चाललो. पंख्याखाली उभा राहिलो. वर तोंड करून, सायकलींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मी उद्या जातो!"

धनराजने तोंडावर हात दाबला.

रिनाने मान वर केली नाही. सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला, हात थांबवला. म्हणाली, "बसून सांगा ना जी. भात थंडा होऊन राह्यला."

हे वाक्य वहीत नव्हतं. मी येऊन बसलो. जेवलो. पुढे काय केलं ते आठवत नाही.

संपलं. कोणी बोललं नाही. ही कितव्या नंबरची शांतता, मला कळेना.

"झालं?" गिरजाबाईंनी विचारलं.

"हव, आई."

"याच्यात नाटक कुठी हाये?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा पोरगा नाटक करून राह्यला, ते दिसते. तू तं..." मग हळू म्हणाल्या, "तू तेव्हा सात वर्षांची होती. तुले याद हाये?"

रिना म्हणाली, "उंबरठ्यावर बसून होतो मी."

मला तेव्हा समजलं. रिनाचे वडील गवंडीकामाला तेलंगणात जात. चार वर्षं जात राहिले. पहिल्यांदा जाण्याची गोष्ट त्यांनी अशीच, जेवताना सांगितली होती. दोन महिने ती माझ्यासमोर आपली आई करत होती. आणि मी तिला भुवया कधी उचलायच्या ते सांगत होतो.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तू विचारलं कुठी?"

गिरजाबाई पुढे सरकल्या. त्यांनी सूप मांडीवर ओढून घेतलं. "अन् खडा टाकून थांबली नोती मी. हात चालूच ठेवला होता. हात थांबला असता तं त्याले समजलं असतं. मग तो गेला नसता." त्या निवडू लागल्या. "असा. चाल, अजून एक डाव कर."

आम्ही तीनदा केलं. त्यांची चारची बस गेली. तिसऱ्या वेळी रिनाचा हात थांबला नाही, आणि मला घास गिळता आला नाही. यात अभिनय नव्हता.

"जा चंद्रपूरले," गिरजाबाई म्हणाल्या. "कोणी काही म्हटलं तं म्हणजो, माय आली होती पाह्याले."

रिना उठली, परत बसली. "पण तुले आवडलं काय?"

"आवडाचं काय त्याच्यात? मले तं सारं मालूमच होतं."

मी वही बंद केली. ही गोष्ट त्या दोघींना आधीपासून माहीत होती, मला नव्हती, आणि ती मी लिहिली होती. धनराजने चहा सांगू का विचारलं.

"सांग," गिरजाबाई म्हणाल्या. सूप त्यांनी अजून सोडलं नव्हतं. "अर्धेच निवडले पोरीनं. चहा येतवर होऊन जातीन."