परातीतली वाळू

रविवारी दुपारी मी कोथरूडच्या घराचं दार उघडलं आणि गॅलरीत पाहिलं. सासरे परातीत वाळू पसरून बसले होते, रव्याला ऊन द्यावं तशी. शेजारी माझा उत्खननातल्या नमुन्याचा पाइप, रिकामा.

"बाबा, अहो काय केलंत हे!"

"अगं, त्यातून कपाटात ओल झिरपत होती. आणि वर लिहिलंय, 'उघडू नये' म्हणे! लाकडाला वाळवी लागली म्हणजे?"



पुण्याबाहेर नदीकाठच्या एका दरडीत आम्हाला आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली होती. ज्या संशोधकांना ज्वालामुखीच्या काळ्या काचेची हत्यारं मिळतात त्यांची चंगळ असते. ती काच कुठल्या डोंगरातली, व्यापारात कुठवर फिरली, सगळं तपासता येतं. आमच्या नशिबी बेसाल्ट, इथला साधा काळा दगड. ठोंब्या मेला! ना गाव सांगतो, ना वय. वय सांगणार होती ती हत्यारांना चिकटलेली वाळू. गाडली गेल्यापासून ती किती काळ अंधारात आहे, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. मधे ऊन लागलं, की सगळं पुसलं जातं. म्हणून काळ्या ताडपत्रीखाली घुसून आम्ही दरडीत पाइप ठोकले होते. एकच धड निघाला. तो सोमवारी प्रयोगशाळेत जायचा होता. आणि दरड? ती त्याच सकाळी रस्त्यासाठी पोकलेनने खाऊन टाकली. 'पाइप आहे ना घरी,' असं स्वतःला बजावतच मी तिथून परतले होते.

हे सगळं मी बाबांना ओरडून सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला. डोळ्यांसमोर परात होती, तरी विश्वास बसत नव्हता. इतक्या वर्षांचं काम, आणि एका दुपारच्या उन्हात संपलं!

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. चाळणी हातात तशीच. बिचाऱ्यांनी खडेसुद्धा निवडून बाजूला ठेवले होते.

चाळणी खाली ठेवत ते हळूच म्हणाले, "परत अंधारात ठेवली तर?"

"ठेवा की," मी म्हटलं. "लाखभर वर्षं."

त्या संध्याकाळी चहाला कोणी उठलं नाही.

सकाळी कपाट उघडलं तर पाइप जागेवर होता. दोन्ही तोंडांना चिकटपट्टी, वरून काळं प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलेलं. मी उचलून हलवला. आत निवडलेले खडेही वाजले. तेव्हा कुठे मला रडू फुटलं.