नळापाशी दिसलेला देव

तुमच्या घरात कुणी "मला देव दिसला" म्हणालं, तर तुम्ही हात जोडाल की प्रश्न विचाराल?

आमच्या शालूआत्याला देव दिसला. मंगळवारी पहाटे साडेपाचला, माझगावच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, नळापाशी. पांढरी वस्त्रं, डोक्यामागे तेजाचं कडं. आत्याने मनातल्या मनात विचारलं, "देवा, गुरुवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन करू का?" देवाने उजवा हात वर केला आणि दोनदा मान हलवली. नाही!

झालं. तीन महिने थांबून मिळालेली तारीख आत्याने एका मानेच्या झटक्यात (देवाच्या) रद्द केली. आणि दिसत किती होतं? रविवारी चपाती उलटायला गेली ती थेट तव्यालाच हात लावून बसली.

मी चवताळलो. माझं बालपण गोष्टींच्या पुस्तकांवर नाही, बाबांनी छापलेल्या अंधश्रद्धाविरोधी पत्रकांवर गेलंय. (आमच्याकडे भजीसुद्धा जुन्या पत्रकांवर निथळत. शाई पोटात गेलीच असणार.) त्याच संध्याकाळी मी रीतसर दहा प्रश्नांची प्रश्नावली काढली आणि आत्यासमोर बसलो.

"साक्षीदार?"

"फर्नांडिस आंटी. पाणी भरूक इलेली. विचार तिका."

शेजारच्या फर्नांडिस आंटीने दारातूनच सांगितलं, "आपुन पण बघितला ना. एकदम सफेद. मी क्रॉस केला नि बादली सोडून पळाली."

दोन धर्मांचे साक्षीदार. प्रकरण कठीण होतं.

"या दर्शनात तुझा काही फायदा?"

"ऑपरेशन टळला. माका भीती वाटता. पण म्हणून देव खोटो होता काय रे?"

उत्तर प्रामाणिक होतं. मी नाइलाजाने एक गुण दिला.

"हातात काय होतं? शंख, चक्र?"

"कागदांची गुंडाळी. पोथी असतली. आणि ओठ हलत होते, आवाज नाय."

"पायात?"

"चपला. एक निळी, एक लाल."

मी खाली पाहिलं. माझ्या पायात एक निळी चप्पल होती आणि एक लाल. (दोन्ही जोडांमधली एकेक सभेच्या दारातून गेली. सभा वेगवेगळ्या.)

मंगळवारी पहाटे नळापाशी मीच होतो. डासांसाठी डोक्यावरून पांढरी चादर, मागे गॅलरीचा दिवा, आणि चाळीची झोप मोडू नये म्हणून मी आवाज न करता रविवारच्या भाषणाची तालीम करत होतो. हात वर करून, मान हलवून. विषय : 'चमत्कारांना नाही म्हणा'.

"आत्या, तो मी होतो."

आत्याने माझ्याकडे बघितलं, म्हणजे साधारण माझ्या दिशेला. "तू? त्याच्या तोंडावर तेज होता रे मेल्या. बरा, आता तुझेच प्रश्न तुका. साक्षीदार कोण?"

"कोणी नाही."

"तुझो फायदो?"

"तू ऑपरेशनला जावंस."

"म्हणजे फायदो आसा. माझ्या देवाक दोन साक्षीदार, तुका एक नाय. नापास."

माझ्याच प्रश्नावलीत मी खोटा ठरलो, तेही खरं बोलत असताना.

शेवटी प्रयोग ठरला. बुधवारी पहाटे, तीच चादर, त्याच चपला, तोच दिवा. बातमी फुटली होती. अख्खा मजला तोंडात ब्रश घालून हजर. मी चादर पांघरली, हात वर केला, मान हलवली. आत्याचे हात आपसूक जोडले गेले. फर्नांडिस आंटीने, काल सगळं कळूनही, पुन्हा क्रॉस केला.

मी चादर काढली. "बघ. मी."

मला बाजूला सारून आत्याने आंटीला त्या जागी उभं केलं. आंटीच्याही डोक्यामागे तेज! मग तिने आंटीलाही हटवलं आणि मोकळ्या दिव्याकडे बघितलं. तेज तिथेच होतं, कुणाच्या डोक्याची वाट न बघता.

माझ्या दहा प्रश्नांत हा प्रयोग कुठेच नव्हता.

"सगळ्या मजल्याक एकदम मोक्ष मिळूचो नाय," ती हळूच म्हणाली. "माझेच डोळे गेलेत." मग माझा हात चाचपत, "उद्या हात धरून येशील मा, झिला?"

गेलो. (तारीख आत्याने घरातच रद्द केली होती, हॉस्पिटलला कळवायचं राहिलं होतं.) ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाल्यावर आत्याने मला पहिल्यांदाच स्वच्छ बघितलं, न विंचरलेल्या केसांपासून चपलांपर्यंत. बराच वेळ.

"अगो बाय," ती आंटीला म्हणाली, "ह्याका मी नमस्कार केलंय?"

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला देव दिसला, तर प्रश्नावली काढू नका. हात धरून आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आणि उजव्या पायाची निळी चप्पल कुणाकडे पडून असेल तर पाठवून द्या. देवाचं माप आठ.