डेट्रॉईटची बांगला वस्ती: तानियाला मुकी कुणी ठरवलं?

खरं तर ही निव्वळ मजेची ट्रिप होती. माझी कॉलेजातली मैत्रीण अश्विनी डेट्रॉईटजवळ ट्रॉयला राहते आणि दर फोनला "मंजू, कधी येतेस यार?" विचारते. मार्चमधला एक वीकेंड मोकळा सापडला, नवऱ्याने मुलाला सांभाळायचं कबूल केलं, मी सोमवारची रजा टाकली आणि शुक्रवारी दुपारचं जेवण उरकून शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून एकटीच निघाले.

रस्ता सरळ आहे. शिकागोच्या खालून इंडियानात शिरायचं आणि मग आय-९४ धरून मिशिगन पार करायचं. पाच तास पुरतात, पण मिशिगनचं घड्याळ एक तास पुढे, त्यामुळे पोचायची वेळ सांगताना चुकू नका. मार्चमध्ये जाणार असाल तर काचेवर मारायचं पाणी भरून घ्या. वितळलेला बर्फ, मीठ आणि ट्रकनी उडवलेला चिखल यांनी माझी काच कलामझूपर्यंत राखाडी झाली होती. अश्विनीकडे पोचले तेव्हा गरम वरणभात तयार होता.

"उद्या सकाळी माझा क्लास आहे," ती वाढता वाढता म्हणाली. "डेट्रॉईटमध्ये, बांगलादेशी बायकांना इंग्लिश शिकवते मी. तू पण चल. नंतर तिथेच जेवू."

डेट्रॉईटच्या कोनंट अव्हेन्यूवर पहिल्यांदा जाणाऱ्याला आपण कुठल्या देशात आहोत ते क्षणभर कळत नाही. दुकानांच्या पाट्या बांगलात, काचेआड सुपारी आणि सुकी मासळी, मिठाईच्या दुकानात मातीच्या मडक्यांत लावलेलं गोड दही. गाडी रस्त्यावर कडेला लावता येते. हे सगळं सुंदर आहे, जरूर जा. पण दोन गल्ल्या आत गेलात की पायऱ्या खचलेली घरं दिसतात आणि खिडक्यांना थंडीसाठी चिकटवलेलं प्लास्टिक दिसतं. ऑटो कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत शिफ्ट करणारी माणसं इथे राहतात. ज्या गाड्यांची डिझाइनं करून नोव्हाय-ट्रॉय उपनगरांतले आमचे मराठी इंजिनिअर मोठी घरं घेतात, त्याच गाड्यांच्या सीट शिवणारी.

क्लास एका किराणा दुकानामागच्या हॉलमध्ये होता. एका कोपऱ्यात मुलांचा गृहपाठ, दुसऱ्यात बायकांचं इंग्लिश, मधल्या टेबलावर नासरीन. नासरीन डेट्रॉईटमध्येच जन्मलेली, पेशाने सोशल वर्कर. हे केंद्र तीच चालवते. तिच्यापुढे रांग होती. कुणाला मुलाचा विमा हवा होता, कुणाच्या घरमालकाने हीटर दुरुस्त करायला नकार दिला होता.

मी हालिमाच्या शेजारी बसले. तिशीची असेल. दीड वर्षापूर्वी बांगलादेशातल्या सिल्हेटहून नवऱ्याकडे आलेली. मांडीवर सहा वर्षांची तानिया, जी आईच्या कानात अखंड काहीतरी बडबडत होती.

"आमार फुडी घरो हारादिन माते," हालिमा मला हसून म्हणाली.

मला कळलं एवढंच की हिची मुलगी दिवसभर घरात मातते. मी अश्विनीला तसं सांगितलं आणि तिने ते इंग्लिशमध्ये सगळ्यांना सांगितलं. बायका हसून लोटपोट झाल्या. सिल्हेटी बोलीत 'माते' म्हणजे बोलते. माझी मुलगी घरात दिवसभर बोलते, असं ती म्हणत होती.

मग नासरीन आली आणि हसू थांबलं. "शाळा म्हणते ती बोलूच शकत नाही," ती म्हणाली. "किंडरगार्टनमध्ये गप्प बसायची, म्हणून टेस्ट घेतली. इंग्लिशमध्ये. तानियाने एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. तेव्हापासून ती वेगळ्या वर्गात आहे. गळ्यात चित्रांची कार्डं. पाणी हवं तर ग्लासचं चित्र दाखवायचं."

मी तानियाकडे पाहिलं. ती आता माझ्या बांगड्यांबद्दल आईला काहीतरी विचारत होती, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचे दोन प्रश्न तयार होते.

"कुणी तिच्या भाषेत विचारून पाहिलं नाही?" मी म्हटलं.

"कायद्याने विचारायलाच हवं. सोमवारी मीटिंग आहे. अजून एक वर्ष तिला तिथेच ठेवायला हालिमाची सही हवी आहे त्यांना."

त्या दुपारी आम्ही इलिश माशाचं कालवण आणि भात खाल्ला. दोघींचं भरपेट जेवण एका मोठ्या पिझ्झ्याच्या भावात झालं. काटे फार असतात, सावकाश खा. चव मात्र मला आज आठवत नाही.

रविवारी नोव्हायला अश्विनीच्या ओळखीतल्या एका काकांकडे पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण होतं. पस्तीसेक माणसं, मिसळ, बासुंदी, मुलांच्या रोबोटिक्सच्या गप्पा. मी तानियाबद्दल सांगितलं. काका वाटी खाली ठेवत म्हणाले, "अगं, इंग्लिश शिकायला नको या लोकांना? सरकारी मदतीवर जगायची सवय लागते. आम्ही पण इमिग्रंटच होतो की. कुणी दिलं आम्हाला काही?"

मान डोलावणारे बरेच निघाले. माझी कानशिलं तापली.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही विमानातून उतरलात तेव्हा तुम्हाला इंग्लिश येत होतं. कंपनीने तिकीट काढलं होतं. आणि ती सहा वर्षांची आहे. कुणाच्या मदतीवर जगायची सवय लागली तिला?"

"तू इमोशनल होतेयस."

"हो, होतेय."

काकू मध्ये पडल्या, बासुंदी पुढे केली. मी घेतली नाही. तुमचा पोरगा पहिलीत गप्प बसला असता तर दुसऱ्या दिवशी तुम्ही आणि तुमचा वकील प्रिन्सिपलच्या दारात असता, हे वाक्य मला गाडीत बसल्यावर सुचलं, याचं अजून वाईट वाटतं.

संध्याकाळी नासरीनचा फोन आला. हीटर मागणाऱ्या त्या कुटुंबाला मालकाने घराबाहेर काढलं होतं, सकाळी तिला कोर्टात जावं लागणार होतं. अश्विनीची तिच्या कंपनीच्या प्लांटमध्ये मीटिंग. हालिमाचा नवरा शिफ्टवर, आणि तिला ड्रायव्हिंग येत नाही. "तू नेशील तिला?" नासरीनने विचारलं. "काही करू नकोस. फक्त सही करू देऊ नकोस."

शाळेचं नाव लिहीत नाही. खोली छान होती, भिंतीवर जगभरच्या भाषांत 'वेलकम' लिहिलेलं होतं, बांगलातसुद्धा. टेबलापलीकडे शाळेच्या एक बाई आणि दोन तज्ज्ञ, सगळे गोड बोलणारे.

"तुम्ही नातेवाईक?" बाईंनी मला विचारलं.

"मैत्रीण."

"तुम्हाला भाषांतर करता येणार नाही. आमच्याकडे फोनवर अधिकृत दुभाषी आहे."

फोन लागला. स्पीकरवर एक पुरुष म्हणाला, "नमस्ते बहनजी, आप कैसी हैं?"

हालिमाने माझ्याकडे पाहिलं. मी बाईंना म्हटलं, "हे हिंदी आहे. या सिल्हेटी बोलतात."

"बांगला लाईन आज मिळाली नाही," बाई म्हणाल्या. "पण साधारण सेमच ना?"

मी उत्तर देण्याआधीच प्रश्न सुरू झाले होते. मुलगी घरी संवाद कसा साधते? दुभाष्याने हिंदीत विचारलं. हालिमाला 'बेटी' आणि 'घर' कळलं असावं. ती पुढे झुकून अगदी सावकाश, बहिऱ्याला सांगावं तसं म्हणाली, "आमार फुडी घरो हारादिन माते."

स्पीकरवरून आत्मविश्वासाने: "ती म्हणते, आई दिवसभर घरीच असते."

आणि समोरचा तज्ज्ञ ते टाईप करू लागला.

"थांबा!" मी ओरडलेच. "ती म्हणतेय की मुलगी घरी दिवसभर बोलते. दिवसभर! तुम्ही ज्या मुलीच्या गळ्यात कार्डं अडकवलीत ना, ती मुलगी!"

"मॅडम, आवाज कमी ठेवा."

"का? आवाज नसलेल्यांसाठीच ही खोली आहे का?"

मला बाहेर काढतील असं वाटलं. तेवढ्यात हालिमाने पुढ्यातला कागद हाताने बाजूला सारला आणि इंग्लिशमध्ये म्हणाली, "नो साइन. फर्स्ट टेस्ट बांगला." बाईंवरून नजर हलली नाही. शेवटी बाईंनी कॅलेंडर उघडलं आणि मीटिंग पुढे ढकलली. चुकलं, असं कुणी म्हटलं नाही. "शेड्युलिंगचा प्रॉब्लेम" असा शब्द वापरला.

गाडीत हालिमाने तोंडावर ओढणी धरली आणि रडली. मी इंजिन सुरू न करता बसून राहिले. थोड्या वेळाने तिनेच माझ्या दंडाला हात लावला. "चलो, आफा. चा खाई." आम्ही कोनंटवर चहा आणि गरम शिंगाडे, म्हणजे आपले सामोसे, घेतले, आणि मला पैसे देऊ द्यायला तिने साफ नकार दिला.

परतीच्या पाच तासांत रेडिओ लावावासा वाटला नाही. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "कशी झाली ट्रिप?" मुलाने विचारलं, "डिड यू हॅव फन?" मी डब्यातलं गोड दही पुढे केलं. त्या रात्री मुलगा जेवताना बोलत होता, सोफ्यावर बोलत होता, दात घासताना बोलत होता, आणि मी त्याला एकदाही "आता पुरे" म्हटलं नाही.

वसंत सरता सरता नासरीनचा फोन आला. टेस्ट झाली होती, सिल्हेटी बोलणाऱ्या बाईंकडून. तानियाने सगळी उत्तरं दिली आणि वर बाईंना त्यांच्या चष्म्याबद्दल, त्यांना मुलं किती आहेत याबद्दल विचारून भंडावून सोडलं. ती नेहमीच्या वर्गात जाणार, कार्डं गेली.

मी म्हटलं, "सॉरी म्हणाले का?"

नासरीन कोरडं हसली. "मीटिंगमध्ये शाळेच्या त्या बाई म्हणाल्या, तानियाने थोड्या काळात फारच उल्लेखनीय प्रगती केली आहे."

माझ्या तोंडून मराठीतून एक शिवी गेली. नासरीनला अर्थ विचारावा लागला नाही.

"मग?" मी विचारलं. "तू काय म्हणालीस?"

"मी काही म्हणायच्या आधी हालिमाच बोलली," नासरीन म्हणाली. "उभी राहिली, तानियाचा हात धरला, आणि त्यांना म्हणाली, 'शी इज सेम गर्ल. यू आर लेट.'"