मी जाहीर केलेलं गाणं

आमच्या घरात भुताखेताची गोष्ट कुणी काढली तर वडील त्याला ताटावरून उठवायचे. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर आमचं. आजीनं देव नेऊन नदीत सोडले, त्यानंतर आमच्या दाराला लिंबू टांगलेलं कुणी पाहिलं नाही. मीही तसाच वाढलो. गावात कुणाच्या अंगात आलं की मी आणि माझा चुलतभाऊ सोपानदादा लांब जाऊन हसायचो. त्यामुळं हे लिहिताना मला लाज वाटते. पण दादा आता थकत चाललाय. तो माझ्याकडं एकच गोष्ट मागतो आणि ती माझ्यानं होत नाही... का होत नाही, हे एकदा तरी सगळं सांगावं म्हणून लिहायला बसलो.

लातूर नवीनच जिल्हा झाला होता तेव्हाची गोष्ट. आमचं गाव कंधार तालुक्यात, म्हणजे नांदेडकडं. पाऊस लागोपाठ हुकलेला. कामं नव्हती, पण गाण्याचे प्रोग्राम होते. लोक म्हणायचे, घरात बसून तरी काय करायचं, पाणी येईपर्यंत गाणी ऐकू.

दादाची गायन पार्टी होती. जयंतीची गाणी, प्रबोधनाची गाणी. पेटी दादाच वाजवायचा, ढोलकीवर गौतम, कोरसला गावातलेच दोघं, आणि मी निवेदक. मी बारावीपर्यंत शिकलेलो म्हणून दादा मला ‘मास्तर’ म्हणायचा. गाण्याच्या आधी उभं राहून गाण्याची पहिली ओळ सांगायची, कवीचं नाव सांगायचं, दोन वाक्यांत लोकांची मनं तयार करायची... एवढंच काम. आणि एक नियम. आमच्याकडं दोन पार्ट्यांचा सामना लागायचा. एका पार्टीनं गायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं. सामन्यात निवेदकानं जाहीर केलेलं गाणं गायकाला परत घेता येत नाही. परत घेतलं की हरला. मी चुकून नको ते गाणं बोललो तरी दादानं ते गायलाच पाहिजे. तो गायचाही.

माझी अडचण म्हणजे माईक हातात आला की माझं तोंड कोरडं पडायचं. जीभ टाळ्याला चिकटायची. गुडघे असे हलायचे की पायजमा थरथरतो ते पुढच्या लोकांना दिसायचं. एकदा तर मी कवीचं नावच विसरलो, आणि मागून कोरसवाला मोठ्यानं म्हणाला, “मास्तर, आपल्या बापाचं नाव तरी ध्यानात हाय का?” सगळी सभा हसली.

त्या दिवशी घरी येताना दादानं मला समजावलं.

“इतक्या लोकायकडं कशाला बघायलास? एक माणूस धर. एकच. त्यालाच सांगायलोय असं समजून बोल. बाकीचे आपोआप ऐकत्यात.”

“आन तो माणूस उठून गेला तर?”

“मग दुसरा धर. माणसं काय कमी हायेत का?”

पुढचा प्रोग्राम कंधारच्या पलीकडच्या एका वस्तीवर होता. वीज नव्हती, भोंगा बॅटरीवर. म्हणून ऊन कलल्यावर सुरू करून अंधाराच्या आधी संपवायचं ठरलं होतं. टँकर यायचा होता, त्यामुळं बायका घागरी घेऊनच बसलेल्या. मी उभा राहिलो, पायाचा अंगठा जमिनीत दाबला आणि माणूस शोधायला लागलो.

डावीकडं मंडपाच्या बल्लीजवळ एक बाई घागर पालथी घालून तिच्यावर बसली होती. बाकीचे सगळे खाली, म्हणून तिचं डोकं वर दिसत होतं. तिशीची असेल. डोक्यावर पदर, हात मांडीवर. ती माझ्याकडं असं बघत होती, जणू मी काय सांगतो त्याची तिला फार गरज आहे. मी तिलाच धरलं... आणि काय सांगू, जीभ सुटली. त्या दिवशी मी कुठंच अडलो नाही. दादा पेटीवरून मान वळवून बघत होता. शेवटी म्हणाला, “मास्तर, आता मला टेन्शन याया लागलं, लोक तुलाच ऐकतील.”

आठवड्याभरानं देगलूरकडं प्रोग्राम झाला. तिकडं निम्मी सभा तेलुगू बोलणारी. मी उभा राहिलो, डावीकडं बघितलं. बल्लीजवळ, पालथ्या घागरीवर, ती बसलेली.

मला आनंदच झाला. तिचं माहेर इकडं असेल, म्हटलं. पुन्हा तिलाच धरलं, पुन्हा छान झालं. फक्त एक गोष्ट तेव्हा जाणवली. सगळे हसले तेव्हा ती हसली नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा तिचे हात मांडीवरच होते. मी बोलायला लागलो की ती किंचित पुढं सरकायची, दादा गायला लागला की मागं.

तिसऱ्या ठिकाणीही ती दिसली. परतताना टेम्पोत मी दादाला सांगितलं. दादा खो खो हसला.

“तुह्यावर मरायली असंल. तुह्या वहिनीला सांगू का, स्थळ आलंय म्हणून?”

“चेष्टा न्हाई दादा. तीन गावं झाली. घागरीवर बसती बघ, डाव्या हाताला.”

गौतम ढोलकीला टेकून झोपल्यासारखा बसला होता. तो डोळे न उघडताच म्हणाला, “घागरीवर कोण बसतंय? चेपंल की. आपल्या बायका घागरीला पाय लागू देत न्हाईत, त्याच्यावर बसतील व्हय?”

खरं होतं ते. पत्र्याची घागर असो का पितळेची, पालथी घालून वर माणूस बसलं तर ती चेपते. मी लहानपणापासून बायका-घागरी बघत आलो आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“तुला दिसली का न्हाई ती?” मी विचारलं.

“मी ढोलकीकडं बघतो. पण बल्लीजवळ कोणी नव्हतं, मास्तर. तिथं बॅटरी ठिवली होती.”

त्यानंतरचा प्रोग्राम शिरूर अनंतपाळच्या बाजूला होता. सामना होता, निलंग्याकडच्या एका नावाजलेल्या पार्टीबरोबर. गावाच्या पाटीवर जुन्या जिल्ह्याचं नाव डांबरानं पुसून त्यावर ‘जि. लातूर’ रंगवलेलं होतं, रंग अजून ओला वाटत होता. दादासाठी हा सामना मोठा होता. पार्टी जिंकली असती तर नव्या जिल्ह्यात सगळीकडं बोलावणी आली असती. दादाला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. गळा हेच त्याचं सगळं होतं.

मी ठरवलं होतं, डावीकडं बघायचंच नाही. उजवीकडच्या एका म्हाताऱ्याला धरलं. दोन गाणी निघाली. तिसऱ्याला म्हातारा तंबाखू मळायला खाली वाकला आणि माझी जीभ चिकटली. दुसऱ्याला धरायला गेलो, तो जांभई देत होता. मागच्या बाजूनं आवाज यायला लागले.

“निवेदकाला पाणी पाजा कोणीतरी.”

“टँकर आल्याबिगर कुठलं पाणी?”

समोरची पार्टी मजा बघत होती. दादा हळूच म्हणाला, “मास्तर, बोल. काहीबी बोल.”

मी डावीकडं बघितलं.

ती बल्लीजवळ नव्हती. ती सगळ्यांच्या पुढं, स्टेजला लागून बसली होती. इतकी जवळ की पदराचा भिजलेला काठ दिसत होता. त्या गावात प्यायला पाणी नव्हतं आणि तिचा पदर ओला होता, चिखलानं माखलेला. तिचे ओठ हलत होते.

आणि भोंग्यातून मला माझाच आवाज ऐकू आला. स्वच्छ, न अडखळता. “यानंतरचं गीत सोपानदादा सादर करत आहेत. हे गीत कुठल्याही कवीनं लिहिलेलं नाही. गीताचे बोल आहेत – वाटीवाटीनं भरते गं, घागर माझी भरंना.”

मी ते बोललो का? आवाज माझा होता. माईक माझ्या तोंडापुढं होता. पण माझी जीभ तेव्हाही टाळ्याला चिकटलेली होती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

दादानं माझ्याकडं बघितलं. असं गाणं आमच्याकडं नव्हतं. कुठल्याच पार्टीकडं नव्हतं. पण जाहीर झालं होतं, आणि सामना होता. दादानं पेटीवर बोटं ठेवली, काहीतरी चाल जुळवू म्हणून असेल... आणि गाणं सुरू झालं.

वाटीवाटीनं भरते गं, घागर माझी भरंना
दोर सोड गं वरून बाई, उजेड मला दिसंना

आधी दादाचाच आवाज होता. दुसऱ्या कडव्याला तो बारीक झाला. सभेतल्या बायका एकमेकींना धरायला लागल्या. गौतमची ढोलकी थांबली. तिसऱ्या कडव्याला दादाचे हात पेटीवरून खाली आले, आणि गाणं चालूच होतं. मी दादाच्या तोंडाकडं बघितलं. ते मिटलेलं होतं. ओठ घट्ट मिटलेले, डोळे माझ्यावर, आणि गळ्याची शीर तेवढी हलत होती.

सभेतून एक म्हातारी उठली. “अगं माय,” ती म्हणाली, ओरडून नाही, हळू, “ही तर आमची पारू.”

मला फक्त एवढंच कळलं की हे थांबवलं पाहिजे. मी बॅटरीकडं धावलो आणि तार उपटली. भोंगा बंद झाला. गाणं अजून एक ओळ चाललं, भोंग्याशिवाय, स्टेजवरूनच... आणि अर्ध्या शब्दात तुटलं.

पुढं कुणी नव्हतं. ती बसली होती तिथं जमीन कोरडी होती.

म्हातारीनं नंतर आम्हाला चहा पाजला आणि सांगितलं. मागच्या मोठ्या दुष्काळात त्यांच्या वस्तीच्या आडाला तळालाच पाणी उरलं होतं. एक बाई दोराला धरून खाली उतरायची आणि वाटीनं घागर भरायची. खाली अंधार, वरच्यांना काही दिसायचं नाही. म्हणून वरून नाव घेऊन हाक मारायची आणि खालचीनं गायचं. गाणं चालू आहे तोवर ती धड आहे असं समजायचं. पारू त्यांच्यातली सगळ्यात हलकी, म्हणून तीच उतरायची. एक दिवस आडाचा काठ ढासळला.

“गात व्हती,” म्हातारी म्हणाली. “माती पडल्यावरबी लई येळ गात व्हती. आम्ही हाक मारायचो, ती गायची. मग आम्हीच हाक मारायचं सोडलं. ऐकवंना, बाबा.”

सामना आम्ही हरलो, त्याचं काही नाही. दादाचा आवाज त्या दिवसापासून गेला. बोलतो, हाक मारतो, भांडतोसुद्धा. पण सूर लागत नाही. पेटी काढली, ‘सा’ धरला की गळ्यातून नुसती हवा येते. नांदेडला डॉक्टरला दाखवलं, पुढं औरंगाबादला नेलं. घशात काहीच नाही म्हणाले. वहिनीनं सगळ्यांच्या चोरून एका बाबाकडंही नेलं होतं, मला ते फार उशिरा कळलं आणि मी तिला काही बोललो नाही. पार्टी मोडली. मी पाटबंधारे खात्यात चिकटलो. दादा आधी खडी फोडायला गेला, मग लोकांच्या शेतात.

मी पुन्हा कधी माईक धरला नाही. ऑफिसातल्या निरोप समारंभातसुद्धा मी मागं उभा राहतो.

खूप दिवस आम्ही यावर बोललो नाही. मग एकदा दादानंच विषय काढला.

“मास्तर, तू तार का उपटलीस?”

“तुह्यासाठी, दादा. तुह्यं तोंड मिटलं होतं. मी भ्यालो.”

“मी न्हाई भ्यालो. मह्या आतून चाललं होतं ना ते. तिला शेवटचं कडवं म्हणायचं होतं. आलं होतं गळ्यापर्यंत. ते अजून हितंच हाय,” असं म्हणून त्यानं गळ्यावर बोट ठेवलं. “ते निघाल्याबिगर मह्यं गाणं निघायचं न्हाई.”

तेव्हापासून तो मागतो. मी पुन्हा एकदा समोर उभं राहावं आणि ते गाणं जाहीर करावं. सभा नको, भोंगा नको. घरातच, दार लावून. तो पेटी घेऊन बसेल. मी फक्त पहिली ओळ बोलायची.

मी विज्ञान मानणारा माणूस आहे. तेव्हा मी घाबरलेला होतो, उपाशी होतो, उन्हातून आलो होतो, असं मी स्वतःला कितीदा समजावलं. पण मग सगळ्या सभेनं काय ऐकलं? म्हातारीनं कुणाला ओळखलं? आणि शिरूरच्या आडातली बाई कंधारला येऊन माझ्यासमोर का बसली? जुन्या मित्रांना विचारलं, गौतमला विचारलं. तो म्हणतो, मी ढोलकीकडं बघत होतो.

मागच्या रविवारी दादाकडं गेलो होतो. त्याला आता दम लागतो. वहिनी शेजारी गेलेली. त्यानं पेटी पुसून पुढ्यात ठेवलेली होती. तो नुसता माझ्याकडं बघत बसला. मी उठून उभा राहिलो. खरंच राहिलो. भर दुपार होती, दार उघडं होतं, समोर दादाशिवाय कुणी नव्हतं. एकच माणूस, आणि तोही माझा भाऊ. मी तोंड उघडलं.

जीभ टाळ्याला चिकटली. मग चपला घातल्या आणि निघालो. दादानं मागून हाक मारली नाही. फाट्यापर्यंत मी कान देऊन चालत होतो, आणि आपण नेमकं काय ऐकायला घाबरतोय, पेटी की पेटीशिवायचं काही, ते मला सांगता येणार नाही.