शर्यतीच्या मोटारीचा वैद्य

शाळा अर्धवट सोडून मी रत्नागिरीहून कोल्हापुरात आलो आणि एका सरदारांच्या मोटारीवर लागलो. ही शर्यतीची मोटार कित्येक वर्षं पागेत कडब्याआड पडून होती. इंजिन पुरतं उघडायचं ठरलं तर ती मुंबईला जाणार आणि मी घरी. ते ठरवायला सरकारांनी बोलावलं कुणाला, तर घोड्यांच्या वैद्याला!

लाथ बसेल म्हणून त्यानं लांबूनच मोटारीला वळसा घातला. मग बॉनेटला कान लावला, तेल बोटावर घेऊन हुंगलं.

"पोट फाडायचं न्हाय," तो गरजला. "नवं त्याल पाजा आन् रोज फिरवा."

सरकारांनी मान डोलावली. मी त्याला पोचवायला फाटकापर्यंत गेलो. हळूच विचारलं, "काका, इंजिनातलं कळतं तुम्हाला?"

"काय बी न्हाय की! पर पावणं, घोड्याचं दुखणं मला त्याला राखणाऱ्या मोतद्दाराच्या तोंडावर दिसतंय. पोट फाडलं असतं तर मोटार जगली असती, पर तुमी मेला असता."

मोटार काही सुरू झाली नाही. पण वैद्यानं रोज फिरवायला सांगितलं होतं. म्हणून बैल जुंपून ती रोज रंकाळ्यापर्यंत जाई, आणि मी स्टिअरिंग धरून त्या माणसाला दुवा देत असे.