जनरेटरचं गरम पाणी

चंद्रप्रभा टिल्लू दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढल्या. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या वर्गात मुलगी म्हणून त्या एकट्याच होत्या. लॅबमध्ये त्यांच्याबरोबर कुणी जोडी लावत नसे, म्हणून त्या सगळे प्रयोग एकटीनेच करायला शिकल्या. पुढे आधी आईचं आजारपण, मग वडिलांचं. त्यात लग्नाचं वय निघून गेलं. वडील गेल्यावर, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी गुडगावला एका नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि त्या जवळच निघालेल्या खासगी कॉलेजात थर्मोडायनॅमिक्स शिकवायला लागल्या.

सोसायटीत सगळे नवे होते. सकाळी गाड्या बाहेर पडायच्या, अंधार पडल्यावर परत यायच्या. बाईंच्या दारावरची बेल वाजवणारे दोघेच, दूधवाला आणि कचरेवाला. बोलायची सवय मोडू नये म्हणून त्या उद्याचं लेक्चर आदल्या दिवशी स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणून बघत.

गुडगावची वीज तेव्हा भरवशाची नव्हती. थंडीत सकाळी लाइट गेली की तळघरातला डिझेल जनरेटर सुरू व्हायचा. घरोघरचे गीझर एकदम लागायचे आणि जनरेटर बंद पडायचा. मीटिंगमध्ये सेक्रेटरी चड्ढाजींनी मोठा जनरेटर घ्यायचं सुचवलं. बाई उठून सांगायला लागल्या की भार गीझरचा आहे, आधी त्याचं बघू. चड्ढाजी हसत म्हणाले, "मॅडमजी, यहाँ क्लास थोडे ही लगी है." बाकीचेही हसले. बाई खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच विषय वर्गात काढला. डिझेल जाळून जी उष्णता मिळते, तिच्यातली जेमतेम एक तृतीयांश विजेच्या रूपात हाती लागते. उरलेली धुरावाटे आणि रेडिएटरवाटे हवेत जाते. आणि एवढ्या कष्टानं मिळवलेल्या विजेनं आपण करतो काय, तर पाणी तापवतो.

रुचिरा नावाच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, मग इंजिन थंड करून जे पाणी बाहेर येतं, ते गरमच असतं ना? त्याच्यावरच आंघोळीचं पाणी तापवलं तर?"

वर्गात आजवर कुणी हे विचारलं नव्हतं. बाईंनी तिला आणि आणखी पाच जणांना रविवारी घरी बोलावलं.

त्या थंडीतले रविवार बाईंच्या घरी गडबडीत गेले. मुलं तळघरात तापमान मोजायची आणि वर येऊन पोहे खायची. प्लेटा पुरेनात, म्हणून बाईंनी नव्या आणल्या. रुचिरा मराठी असली तरी जन्मापासून दिल्लीत वाढलेली. एकदा बाई म्हणाल्या, "घरात माणसं असली की कशी ऊब येते." ती गोंधळली. हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा. "आम्ही इतकं बोअर करतो, मॅडम?" तिनं विचारलं. बाई खूप हसल्या आणि मग तिला अर्थ सांगितला.

मुलांचा आराखडा साधा होता. एका टाकीत तांब्याच्या नळीचं वेटोळं बसवायचं. इंजिनाचं गरम पाणी वेटोळ्यातून फिरवायचं, म्हणजे टाकीतलं स्वच्छ पाणी त्यात न मिसळता तापेल. खर्च थोडा होता, म्हणून चड्ढाजींनी होकार दिला. पार्किंगजवळ नळ लागला. लाइट गेली की त्याला खरोखरच कढत पाणी यायचं.

पण फ्लॅटमधलं कुणी बादली घेऊन खाली उतरेना. यायचे ते वॉचमन, गाड्या धुणारे आणि झाडू मारणाऱ्या बायका. बाई मात्र दर वेळी बादली घेऊन लिफ्टनं खाली येत. त्यांची पाळी आली तरी त्या दुसऱ्यांना पुढे जाऊ देत, कारण बादली भरली की परत वर जावं लागे.

एकदा तापानं त्या काही दिवस खाली आल्या नाहीत. शेजारच्या फ्लॅटला पत्ता नव्हता. जिने झाडणारी गिरिजा तेवढी दार वाजवून चौकशीला आली. ती भरलेली बादली आत ठेवून गेली.

मुलं पास झाली. सगळ्यांना सॉफ्टवेअर कंपन्यांनी उचललं. रुचिरा बंगलोरला गेली. जाण्याआधी ती भेटायला आली तेव्हा बाईंनी तिला विचारलं, मशीनचं काम कुठे मिळालं नाही का. ती खाली बघत म्हणाली, "मिळत होतं, मॅडम. पण घरचे म्हणाले, यात स्कोप नाही."

पुढे चड्ढाजींनी मोठा जनरेटर आणलाच. तो मागच्या आवारात बसला. जुना भंगारात गेला, आणि त्याच्याबरोबर टाकी आणि नळसुद्धा.

दिवाळीत रुचिराचा फोन आला. आपला नळ कसा चाललाय, हेच तिनं आधी विचारलं.

"काढला गं," बाई म्हणाल्या.

"अच्छा." मग तिला पलीकडून कुणी हाक मारली. सावकाश फोन करते, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

बाईंनीही रिसीव्हर खाली ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी सुट्टीनंतरचं पहिलं लेक्चर म्हणायला घेतलं.