प्रागच्या चौकात अप्पा

मशीनमधून प्राग शहर बाहेर येत होतं आणि त्यात एक म्हातारा बसलेला होता.

पहिल्या फोटोत मला तो डाग वाटला. दुसऱ्यात तो पुलाच्या टोकाच्या काळ्या मनोऱ्यात होता. तिसऱ्यात मोठ्या घड्याळाखाली. चौथ्यात चर्चच्या दारात. सगळीकडे तसाच, ताठ, हात मांडीवर, गळ्यात हार, कपाळभर भस्म. शेजारी कधी तरुण नवरा, कधी त्याची बायको, कॅमेऱ्याकडे बघून हसत उभे. त्यांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

मी तेव्हा अमेरिकेत, एडिसनमध्ये, ओक ट्री रोडजवळच्या एका फोटोच्या दुकानात कामाला होते. नव्वदीची वर्षं. लोक रोल देऊन जायचे आणि तासाभराने फोटो न्यायचे. रोल धुतला की निगेटिव्ह मिळते. तिच्यात काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं दिसतं, त्यामुळे माणूस चटकन ओळखू येत नाही. तिच्यावरून मशीन कागदावर फोटो छापतं, आणि ते पट्ट्यावरून एकामागून एक घसरत येतात. मशीन काचेशी होतं. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही फोटो दिसायचे.

रॉन हा आमचा मॅनेजर. तो कॉफी घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"सुमन, बर्थडे पार्टी आहे का? आजोबा काही एन्जॉय करताना दिसत नाहीत."

"रॉन, ही इज डेड."

तो हसला. माझ्याकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. मग त्याने हात लांब करून मशीन बंद केलं आणि काचेवरचा पडदा ओढला.

मला कसं कळलं ते सांगते. माझ्या नवऱ्याचा बार्शीला फोटो स्टुडिओ होता. चौथीनंतर माझी शाळा सुटली, आणि लग्न झाल्यावर जे शिकले ते त्या डार्करूममध्ये. घरात कोणी गेलं की लोक फोटोग्राफर बोलवायचे. आमच्याकडे लिंगायत घरं बरीच. त्यांच्यात गेलेल्या माणसाला बसवतात. हार घालतात, भस्म लावतात, बसवूनच नेतात आणि बसवूनच पुरतात. त्याच्याभोवती घरचे उभे राहून फोटो काढून घेतात. असे फोटो मी पुष्कळ धुतलेत. जिवंत माणसाचे हात कुठे तरी असतात. गेलेल्याचे कोणी तरी ठेवलेले असतात. या म्हाताऱ्याचे ठेवलेले होते.

भूत वगैरे नव्हतं. एकाच फिल्मवर दोनदा फोटो काढले की असं होतं. त्याला डबल एक्स्पोजर म्हणतात. जिथे एका फोटोत अंधार असतो, तिथे दुसरा फोटो उमटतो. फिरायला गेलेली माणसं स्वतः कडेला उभी राहतात आणि मनोरा मध्ये घेतात. मनोरे काळ्या दगडाचे. इकडे प्रेताच्या फोटोत प्रेत मध्ये. म्हणून तो म्हातारा प्रत्येक मनोऱ्याच्या जागी येऊन बसला होता. हे सगळं मला कळत होतं. तरी चौथा फोटो मी पालथा ठेवला.

"आपली पॉलिसी तुला माहीत आहे," रॉन म्हणाला. "डबल एक्स्पोजर प्रिंट करायचं नाही. निगेटिव्ह परत, नवा रोल फ्री, सॉरी म्हणायचं. संपलं."

"दोन वेगवेगळे कॅमेरे आहेत. आधीचा रोल चुकून परत घातलाय. या म्हाताऱ्याचे दुसरे फोटो नसतील. छापू दे."

"कस्टमर रडायला लागली तर?"

"मी बघते."

"तूच बघ," म्हणाला आणि पुढे काउंटरवर गेला. मागे फिरकला नाही.

मी मशीन चालू केलं. आता मी बाकीची माणसं बघत होते. म्हाताऱ्याच्या भोवती अंधुक माणसं होती. फेटेवाले, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, खांद्याला खांदा लावून उभ्या. कोणाच्या छातीतून खिडकी गेलेली, कोणाच्या तोंडावर कबुतरं. पण म्हाताऱ्याच्या एका हाताला एका माणसाची जागा मोकळी होती. मागे दाराचा अंधार. गर्दीत कोणी चुकून एवढी जागा सोडत नाही.

तेही मला माहीत होतं. मुलगा लांब असला, पोचू शकला नाही, तर त्याची जागा सोडून फोटो काढायचे. मग त्याचा जुना फोटो कापून तिथे चिकटवायचा, ब्रशने कडा मिटवायच्या आणि त्याचा पुन्हा फोटो घ्यायचा. आमच्या स्टुडिओत हे काम माझ्याकडे असायचं. कितीही नीट केलं तरी चिकटवलेला माणूस दुसरीकडेच बघतोय असं वाटायचं.

शेवटून दुसरा फोटो पट्ट्यावर आला. त्यात ती जागा भरलेली होती.

तरुण नवरा तिथे उभा होता. मागच्या अंधारात अगदी स्वच्छ उमटला होता. एक हात म्हाताऱ्याच्या खुर्चीच्या पाठीवर. आणि बाकी सगळे बघत होते तिकडेच तोही बघत होता. 

बायको घ्यायला आली. राजश्री तिचं नाव, पाकिटावर नवऱ्याचं नाव शिवानंद. नेहमीची गिऱ्हाइकं, सोलापूरची. मी तिला आत बोलावलं.

"मावशी, कसे आलेत? ब्लर तर नाही ना? शिवा म्हणतो मला फोकसच करता येत नाही."

"फोकस बरा आहे. आधी बस."

तिने पहिला फोटो घेतला. मग दुसरा. कागदाच्या खोक्यावर बसली.

"हे अप्पा आहेत. माझे सासरे." तिचा आवाज एकदम लहान झाला. "मावशी, हे आमच्याबरोबर होते?"

"नव्हते. रोल कुठला घातलास?"

"फ्रीजमधला. नवे रोल आम्ही फ्रीजच्या दारात ठेवतो."

"आणि अप्पांचा जुना रोल?"

तिने हातातले फोटो खाली ठेवले. मग बोलली. अप्पा गेले तेव्हा शिवानंदचे व्हिसाचे कागद अडकले होते. गेला असता तर परत येता आलं नसतं. कागद सुटले ते आत्ता, प्रागला जायच्या आधी. थोरल्या भावाने, अण्णाने, फोटोग्राफर बोलावला आणि रोल तसाच, न धुता, इकडे येणाऱ्याबरोबर पाठवला. का, तर अमेरिकेत चांगलं धुतात. शिवानंदने तो घेतला आणि फ्रीजमध्ये ठेवला.

"दर वीकेंडला म्हणायचा, नेक्स्ट वीक देऊ. वर्ष गेलं. पण त्याची पट्टी बाहेर होती हो. मला वाटलं कोरा आहे!"

तिची चूक समजण्यासारखी होती. रोलच्या बाहेर जी पट्टी लोंबते, तिला आम्ही जीभ म्हणतो. नव्या रोलची जीभ बाहेर असते. रोल संपला की आपोआप चालणारा कॅमेरा ती आत ओढून घेतो. पण आमच्याकडचे फोटोग्राफर हाताने रोल गुंडाळायचे आणि जीभ मुद्दाम बाहेर ठेवायचे, अंधारात ओढायला सोपं जातं म्हणून. अमेरिकेतल्या फ्रीजमध्ये असा रोल कोराच वाटणार.

"मावशी, हे फेकून द्या," ती म्हणाली. "निगेटिव्हसकट. त्याला सांगा, मशीनने खाल्लं. प्लीज. अप्पांचा शेवटचा चेहरा एवढ्यावरच आहे. आणि त्यावर मी आईस्क्रीम खातेय!"

"मशीनने खाल्लं म्हटलं तर माझी नोकरी जाईल."

"मग मी फेकते."

"फेक. मग तो चेहराही गेला. पुन्हा काढायला कोणी नाही."

ती रडायला लागली. रॉनने काउंटरवरून मान वळवली आणि परत फिरवली. तेवढ्यात शिवानंद गाडी पार्क करून आत आला.

"झालं का ग? अरे, काय झालं?"

तिने पाकिटावर हात ठेवला. मी तो उचलून बाजूला केला आणि पाकीट त्याच्यापुढे सरकवलं.

"यात तुझे वडील आहेत. फ्रीजमधला रोल चुकून प्रागला गेला. डबल एक्स्पोजर झालंय. बसून बघ."

तो बसला नाही. उभ्यानेच एकेक फोटो बघत गेला. घड्याळाखालचे अप्पा, चर्चमधले अप्पा, आईस्क्रीमवरचे अप्पा. राजश्री दोनदा सॉरी म्हणाली, त्याला ऐकू आलं नाही. त्या एका फोटोपाशी तो थांबला.

"मावशी, मला इथे कोणी चिकटवलं?"

"कोणी नाही. तू स्वतःच उभा होतास."

त्याने फोटो दिव्याखाली धरला.

"अण्णा फोनवर म्हणाला होता," तो म्हणाला, "तुझी जागा ठेवलीय म्हणून. मला वाटलं, समजूत घालतोय."

राजश्रीने डोळे पुसले आणि त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्याने तिला तो फोटो दाखवला. "हा मोठा करून द्या," तो मला म्हणाला. "दोन प्रती. एक सोलापूरला पाठवतो. आई बघेल."

मोठा करताना निगेटिव्ह भिंगाखाली नीट बघावी लागते. मी बघत होते आणि ते दोघे समोर उभे होते. काही तरी बोलायचं म्हणून मी बोलले.

"हात चांगला जमलाय. पुलाच्या कठड्यावर ठेवला होतास, तो बरोबर खुर्चीच्या पाठीवर आला."

"हा पूल नाही, मावशी," राजश्री म्हणाली. "हा चौक आहे. मीच फोटो काढला. तिथे कठडा नव्हता."

"मग कशावर ठेवला होता?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आपल्या हाताकडे पाहिलं.

"आठवत नाही," तो म्हणाला.

मी पुन्हा भिंग लावलं. हाताखाली खुर्ची होती, ती सोलापूरची. प्रागचा नुसता फरशीचा चौक होता, मोकळा. बोटं वाकलेली होती, वजन टाकल्यासारखी. मी त्यांना काही सांगितलं नाही. मोठे फोटो करून दिले. त्यातला एक सोलापूरला पोचला आणि शिवानंदच्या आईने तो देवघराशेजारी लावला, असं राजश्रीने नंतर सांगितलं. सासूबाईंनी एवढंच विचारलं म्हणे, की शिवा आला होता तर जेवून का नाही गेला.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं मशीनवर होते. डबल एक्स्पोजर खूप पाहिले. हात अधांतरी कुठे दिसला नाही, शोधूनही. रोल संपला की जीभ पूर्ण आत गुंडाळावी आणि डबीवर नाव लिहावं, एवढंच मी गिऱ्हाइकांना सांगायचे. हाताचं मला विचारू नये.